स्टँडासमोरचा रस्ता जुलैत चालण्याजोगा करायचा तर

कोकणातल्या शहरात एसटी स्टँडाचा परिसर सुधारायचं ठरलं की सुरुवात बहुतेक वेळा कमानीपासून होते. मग कारंजं, रंगीत दिवे, गावाच्या नावाची मोठाली अक्षरं, कुंड्यांची रांग. डिसेंबरात उद्घाटन होतं, फोटो झकास येतात. जून उजाडला की त्याच कमानीखाली माणसं एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी आणि चपला धरून, कुणीतरी टाकून ठेवलेल्या चिऱ्यांवरून तोल सांभाळत पलीकडे जातात.

या लेखातला क्रम उलटा आहे. आधी पाणी, मग पाय, मग चाकं. शोभेचं शेवटी बघू, पैसे उरले तर. खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, माणगाव अशा शहरांतले नगरसेवक, नगरपरिषद-नगरपंचायतींचे अभियंते, प्रवासी संघटनांचे कार्यकर्ते आणि स्टँडासमोर दुकान असलेली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. ठाणे स्टेशनाबाहेर बसगाड्यांसाठी बांधलेल्या सॅटिससारखा उंच पूल उभारण्याची आपल्याकडे गरज नाही आणि ऐपतही नाही. आहे त्याच रुंदीत पुष्कळ काही होतं.

जमीन कोणाची, ते आधी कागदावर आणा

स्टँडाच्या गेटातून बाहेर पडलं की शंभर पावलांत तीन-चार मालक बदलतात. आतलं आवार एसटी महामंडळाचं. बाहेरचा रस्ता नगरपरिषदेचा असतो, नाहीतर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कधी जिल्हा परिषदेचा. महामार्ग गावातून जात असेल तर आणखी एक कचेरी. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, पुढचा कोकणातला भाग सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. रेल्वे स्थानकाचं आवार कोकण रेल्वे महामंडळाचं. त्यांचं मुख्यालय बेलापूरला असलं तरी आपल्या कामाचा पत्रव्यवहार रत्नागिरीच्या क्षेत्रीय व्यवस्थापकांच्या कार्यालयापासून सुरू करावा.

ही यादी करायचं कारण सरळ आहे. स्टँडाच्या आवारातलं पाणी नगरपरिषदेच्या गटारात येतं, ते गटार बांधकाम विभागाच्या मोरीखालून जातं आणि पुढे एखाद्या खासगी नारळ-सुपारीच्या आगरातल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतं. तुंबलं की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो.

नगरपरिषदेतून शहराच्या विकास आराखड्याची प्रत घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून नगर भूमापनाचा नकाशा घ्या. मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मग एका मोठ्या कागदावर स्टँडाभोवतीचा साधारण चारशे मीटरचा परिसर काढून प्रत्येक मालकाला वेगळा रंग द्या. चारशे मीटर म्हणजे सामान घेऊन पाच-सात मिनिटांची चाल. त्यापलीकडे माणूस रिक्षा बघतो.

आराखड्यात रस्ता बारा मीटर आणि जागेवर नऊ, असं हमखास निघेल. तिथे रुंदीकरणाच्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भूसंपादन, मोबदला, कोर्ट यांत दहा वर्षं जातात आणि तोवर ‘रुंदीकरण होणारच आहे’ म्हणून साधं गटारसुद्धा कोणी दुरुस्त करत नाही. शिवाय रुंद झालेला रस्ता दुसऱ्या आठवड्यात पार्किंगने भरतो.

पाहणी पावसातच करायची

सल्लागार नेमला असेल तर त्याला फेब्रुवारीत बोलावू नका. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. परिसराची खरी तब्येत कळते ती जुलैत, सकाळी साडेनऊच्या सुमारास, खेड्यांतल्या गाड्या एकामागून एक लागत असताना.

तेव्हा एक बाई निवडा आणि थोडं अंतर ठेवून तिच्या वाटेने चाला. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून गाड्यांत बायकांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. त्यामुळे आराखडा तिच्या पावलांनीच मोजावा. ती गाडीतून उतरते तेव्हा शेवटची पायरी आणि जमीन यांच्यामध्ये डबकं असतं. काखेत मूल, हातात पिशवी, छत्री उघडायला हात नाही. फलाटाच्या पत्र्याची कड संपते तिथे पागोळ्या नेमक्या मानेवर. गेटाशी आत येणारी एसटी आणि बाहेर पडणारी एसटी यांच्या मधून ती वाट काढते. बाहेर आल्यावर फूटपाथ आहे, पण त्यावर दुचाकी तिरक्या लावलेल्या, म्हणून ती रस्त्याच्या कडेने जाते. कडेला पाणी, म्हणून आणखी आत. मागून वडापवाला, म्हणजे सीटवर भाडं घेणारा खासगी जीपवाला, हॉर्न मारतो. तहसील कचेरी किंवा सरकारी दवाखाना गाठेपर्यंत ती जिथे जिथे थांबली, वळली, खाली बघून चालली, रस्त्यावर उतरली, ती प्रत्येक जागा नकाशावर ठिपक्याने दाखवा. दहा-बारा माणसांचा असा माग काढला की ठिपके ठरावीक जागीच दाटताना दिसतात. सुरुवात तिथून करायची.

त्या दहा-बारांत एक काठी टेकणारे आजोबा असू द्या, एक शाळकरी पोर, एक चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती. खुर्ची मिळाली नाही तर बाळगाडी चालते.

याच पाहणीत पाणी कुठे साचतं, ते किती चढलं याच्या खुणा भिंतीवर तेलरंगाने करून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. समुद्राजवळच्या किंवा खाडीकाठच्या शहरात भरतीची वेळही लिहा. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी गटाराच्या तोंडाशी उभं राहतं आणि गटार कितीही मोठं असलं तरी रिकामं होत नाही. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात आगारातल्या गाड्या बुडाल्या, कर्मचाऱ्यांनी गाडीच्या टपावर बसून तासन् तास काढले. तसा पूर रस्त्याच्या डागडुजीने थांबत नाही. पण दर वर्षीचं गुडघाभर पाणी थांबतं, आणि रोजचे हाल त्यानेच होतात.

माणसं मोजा, फक्त गाड्या नकोत

वाहतुकीची गणना होते तेव्हा ट्रक, कार, दुचाकी यांचे रकाने असतात, चालणाऱ्यांचा नसतो. तो आपण भरायचा. कॉलेजची मुलं हे काम आनंदाने करतात. प्रत्येक तासात पाच मिनिटं मोजायचं आणि बाराने गुणायचं, एवढी अचूकता पुरते. एक साधा कामाचा दिवस, एक आठवडा बाजाराचा दिवस आणि गणपतीच्या आधीचे दोन दिवस. चाकरमानी येतात तेव्हाची गर्दी वेगळीच असते. माणसांपेक्षा सामान जास्त आणि घ्यायला आलेल्या गाड्या त्याहून जास्त. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि फणस. फूटपाथाची रुंदी ठरवताना माणूस ‘अधिक एक पेटी’ असा धरावा लागतो.

रेल्वे स्थानकापाशी मोजणीच्या वेळा वेगळ्या ठेवा. एसटीची माणसं दिवसभर झिरपत येतात, रेल्वेची एकदम ओतली जातात. पहाटेची कोकणकन्या किंवा तुतारी लागली की दहा मिनिटांत सगळं आवार भरतं आणि अर्ध्या तासात रिकामं होतं. तेव्हा अंधार असतो, टपऱ्या बंद असतात.

गटार: निम्मं बजेट इथे गेलं तरी चालेल

कुठल्याही सुशोभीकरणाच्या फलकावर गटाराचा फोटो नसतो. म्हणून ते शेवटी येतं आणि उरल्यासुरल्या पैशांत होतं. हे बदलायला हवं.

हिशेब घरी बसून करता येतो. स्टँडाचं काँक्रीट केलेलं आवार आणि समोरचा रस्ता मिळून एक हेक्टर धरा. तासाला ६० मिलिमीटरच्या सरीत, दहा टक्के पाणी इकडेतिकडे गेलं असं मानलं तरी, दर सेकंदाला सुमारे १५० लिटर पाणी बाहेर काढावं लागतं. दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल पक्कं गटार, दोनशे मीटरला एक मीटर उतार असेल तर हे पाणी आरामात वाहून नेतं. पण तेच गटार तळापासून निम्मं गाळाने भरलं की त्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते आणि उरलेलं पाणी रस्त्यावर. याचा अर्थ बहुतेक जागी मोठं गटार बांधण्याची गरजच नसते. आहे ते उघडता येणारं, साफ करता येणारं आणि योग्य उताराचं हवं.

म्हणून अंदाजपत्रकात या गोष्टी आग्रहाने लिहून घ्या. गटारावर सलग स्लॅब ओतू नका. दोन माणसांना उचलता येतील अशी, हाताला खाच असलेली सुटी झाकणं ठेवा. दर वीस-पंचवीस मीटरवर गाळ बसायला खोल खड्डा, ज्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात, तो करा. पाणी रस्त्यावरून गटारात शिरण्याच्या जाळ्या फूटपाथाच्या कडेला उभ्या तोंडाच्या असतील तर प्लॅस्टिक आणि पानं कमी अडकतात. आडवी जाळी घालायचीच असेल तर पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फटी बोटभराहून कमी, नाहीतर काठीचं टोक आणि सायकलचं चाक त्यात जातं. साधं लोखंड खाऱ्या हवेत चार-पाच वर्षांत पोखरतं, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलं घ्या.

उतार कागदावर असतो, जागेवर बिघडतो. गटाराचा तळ ओतल्यावर, झाकणं बसण्याआधी, वरच्या टोकाला टँकर रिकामा करून बघा. पाणी कुठे थबकतं ते तिथल्या तिथे दिसतं. ठेकेदाराला ही चाचणी निविदेतच सांगून ठेवावी, म्हणजे आयत्या वेळी वाद नको.

पाणी शेवटी कुठे जातं, त्या टोकापर्यंत स्वतः चालत जा. वाटेत कुणीतरी पऱ्यावर गाळा बांधलेला सापडण्याची शक्यता दाट आहे. तो विषय वेगळा आणि अवघड, पण तो ठाऊक नसताना वरचं काम करणं म्हणजे पैसे पाण्यात.

पायाखालचं

फूटपाथावर मोकळी, विनाअडथळा रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं भारतीय रस्ते परिषदेचं मार्गदर्शन सांगतं. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडतील एवढी. दुकानांच्या रांगेसमोर अडीच मीटर. ‘मोकळी’ या शब्दाकडे लक्ष द्या. खांब, विजेची डीपी, कचऱ्याचा डबा, झाड, फलक हे सगळं या रुंदीच्या बाहेर. दोन्ही बाजूंना एवढी जागा निघत नसेल तर एका बाजूला पुरेसा करा आणि दुसऱ्या बाजूला नुसती कड. दोन्हीकडे अडीच फुटांची पट्टी काढली तर तिच्यावर कोणीच चालत नाही, फक्त दुचाक्या उभ्या राहतात.

उंची सहा इंचांच्या वर नको. आपल्याकडे फूटभर उंच फूटपाथ बांधायची सवय आहे, का तर गाड्या चढू नयेत. गाड्या चढत नाहीत हे खरं, पण म्हातारी माणसंही चढत नाहीत. गाड्या अडवायला ठरावीक अंतरावर खुंट लावा, मधलं अंतर एक मीटर ठेवून. प्रत्येक दुकानाच्या आणि घराच्या दारापाशी फूटपाथ खाली उतरवू नका. गाडी चढू दे, माणूस सपाटीवर चालू दे. नाक्यावर जिथे उतरायचं तिथला उतार बारास एक, म्हणजे सहा इंच उतरायला सहा फूट लांबी.

आता काय वापरायचं. कोकणात पहिलं नाव जांभ्याचं निघतं आणि ते योग्यही आहे, कारण दगड इथला, गवंडी इथले. जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, आपल्या वाड्यांमधून पिढ्यान् पिढ्या टिकल्या आहेत. पण पाखाडीला उतार असतो, पाणी थांबत नाही, आणि लोक अनवाणी किंवा जपून चालतात. स्टँडासमोरच्या सपाट, सावलीतल्या फूटपाथावर जांभा ऑगस्टपर्यंत शेवाळाने हिरवा आणि बुळबुळीत होतो. म्हणून जांभा बसायच्या कट्ट्यांना, झाडांच्या पारांना, कडेच्या भिंतींना वापरा. चालायला नको. ग्रॅनाइट आणि गुळगुळीत फरशी तर मुळीच नको, कितीही श्रीमंत दिसली तरी.

पेव्हर ब्लॉक हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. पायी भागाला ६० मिलिमीटर जाड, गाडी चढते तिथे ८०, हे ठेकेदाराला माहीत असतं. अडचण खालच्या वाळूची आहे. आपल्या पावसात कडेचा काँक्रीटचा पट्टा पक्का नसेल तर दोन पावसाळ्यांत वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. पाय पडला की खालचं पाणी पिचकारीसारखं पायजम्यावर. माझा कल झाडूने खरखरीत केलेल्या साध्या काँक्रीटकडे आहे. दर दीड-दोन मीटरवर सांधा, चाळीस मीटरला एक इतका आडवा उतार रस्त्याच्या बाजूला. खाली केबल टाकायची असेल तर आधीच रिकामे पाइप घालून ठेवा. तोडून पुन्हा जोडलेलं काँक्रीट कधीच नीट बसत नाही, हा याचा दोष मान्य आहे.

अंधांसाठीच्या उठावाच्या पिवळ्या लाद्या बसवताना त्या खांबावर जाऊन आदळत नाहीत ना, एवढं बघा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा आहे, तरी लाद्या अजून शोभेसाठी बसवल्या जातात. आणि फूटपाथ मागताना कोणी ‘ही चैन आहे’ म्हणालं तर सांगा, की अडथळा नसलेला फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे.

गेट आणि ओलांडणं

सगळ्यांत धोक्याची जागा स्टँडाचं गेट. तिथे बारा मीटरची गाडी वळते, तिच्या मागच्या चाकांची वाट पुढच्यांपेक्षा आत पडते आणि त्याच कोपऱ्यात माणसं उभी असतात. आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं गेट वेगळं असेल तर पायी माणसांसाठी तिसरं, लहान दार दोन्हींपासून लांब काढा. कुंपणाची भिंत फोडून दीड-दोन मीटरचं तोंड एवढंच काम. आगार व्यवस्थापकाचं पत्र आणि विभागीय कार्यालयाची परवानगी लागेल. ते दार बाजाराच्या दिशेला हवं. लोक सरळ रेषेत चालतात, तुम्ही काढलेल्या वळणाने नाही.

रस्ता ओलांडायची जागाही त्या दारासमोर. तिथे फूटपाथाच्या उंचीएवढा, माथा सपाट आणि दोन्हीकडे उतार असलेला पट्टा रस्त्यावर आडवा केला तर तो गतिरोधकही होतो आणि चालणाऱ्याला वर-खाली करावं लागत नाही. फक्त त्याच्या वरच्या बाजूला पाणी अडतं, म्हणून दोन्ही टोकांना खालून पाइप घालायचा. हे विसरलं की पहिल्याच पावसात तळं होतं आणि लोक सगळा पट्टाच उखडून टाकायची मागणी करतात. नुसते पांढरे पट्टे रंगवून आपल्याकडे कोणी थांबत नाही.

महामार्गावर असा पट्टा परस्पर करता येत नाही. तिथे महामार्ग विभागाकडे सेवा रस्त्यावरची गती कमी करण्याचा आणि दिव्यांचा प्रस्ताव द्यावा लागतो. कणकवलीसारख्या ठिकाणी उड्डाणपुलाखालची कोरडी जागा मिळते. कोकणात बाराही महिने कोरडी राहणारी सार्वजनिक जागा ही मोठीच दौलत. तिथे पार्किंगबरोबर थोडा भाग बसायला आणि विक्रेत्यांना राखावा.

रिक्षा, वडाप, दुचाकी

हा विषय बैठकीत सोडवा, नकाशावर नाही. रिक्षा संघटनेला पहिल्याच बैठकीला बोलवा, आराखडा झाल्यावर दाखवायला नव्हे. गेटासमोरून रिक्षा हलवा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: “साहेब, आम्ही पुढे सरकलो की पॅसेंजर वडापात बसतो. मग आमचं काय?” त्याचं म्हणणं खरं आहे. थांबा पन्नास मीटर लांब न्यायचा असेल तर स्टँडापासून तिथपर्यंत डोक्यावर पत्रा हवा आणि वडापची जागा त्याच्याही पुढे हवी. दोन्ही गोष्टी दिल्या तर संघटना तयार होते. नंबरात किती रिक्षा उभ्या राहतील ते रंगवून दाखवा. बाकीच्या मागे कुठे थांबतील तीही जागा ठरवा, नाहीतर त्या फूटपाथावर येतात.

थांब्याची मंजुरी जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाकडून, पार्किंग आणि नो-पार्किंगची अधिसूचना जिल्हा प्रशासन व पोलिसांकडून. अधिसूचनेशिवाय लावलेल्या पाटीवर दंड होत नाही आणि हे दुचाकीवाल्यांना चांगलं माहीत असतं.

रेल्वे स्थानकाचं दुखणं वेगळं. स्थानकं गावाबाहेर आहेत. रत्नागिरीचं कुवारबावच्या बाजूला, सावंतवाडी रोडचं मळगावात. राजापूर रोड तर राजापूरपासून बरंच लांब. तिथे आवार गेल्या काही वर्षांत सार्वजनिक बांधकाम विभागाने बऱ्याच ठिकाणी देखणं केलं आहे. राहतो तो आवार आणि मुख्य रस्ता यांच्यामधला तुकडा आणि गाडीच्या वेळेला धरून सुटणारी एसटी. आगार व्यवस्थापकाकडे मागताना ‘पहाटेच्या गाडीनंतर वीस मिनिटांनी सुटणारी एक फेरी’ असं नेमकं मागा. ‘फेऱ्या वाढवा’ या अर्जाचं काहीच होत नाही.

मासळी, भाजी, कोकम आणि कायदा

स्टँडाबाहेर बसणाऱ्या बायकांना उठवणं हा सुशोभीकरणाचा आवडता पहिला दिवस. त्याने दोन गोष्टी होतात. त्या आठ दिवसांत परत येतात, आणि मधल्या आठ दिवसांत संध्याकाळनंतर तो रस्ता ओसाड व असुरक्षित वाटतो.

पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा स्पष्ट आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. तुमच्या शहरात ही समिती आहे का, शेवटची कधी बसली, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा.

जागा आखताना मालाप्रमाणे आखा. मासळीवालीला ओटा, नळ आणि थेट गटाराला जाणारा उतार हवा, शिवाय ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवी, नाहीतर फलाटावर तक्रारी. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा घेऊन येणारी खेड्यातली बाई रोजची नसते. ती पहिल्या गाडीने येते आणि दुपारच्या गाडीने जाते. तिच्याकडे प्रमाणपत्र नसेल. अशांसाठी पाच-सहा चौकोन मोकळे ठेवा, पहिला येईल त्याचा. काजू, कोकम, फणसपोळीचे स्टॉल वर्षभराचे, त्यांना आतल्या बाजूची कोरडी ओळ.

निवारा, दिवे, मुतारी

कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. नैऋत्येकडून झडी मारतो. थांब्याच्या शेडची पाठ त्या बाजूला असावी आणि पत्रा पुढे माणसाच्या पावलांच्या बराच पलीकडे यावा. चार खांबांवर उंच, डौलदार छप्पर म्हणजे भिजायची व्यवस्था. पत्र्याला पन्हळ लावून पाणी पाइपाने गटारात सोडा. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर हलक्या खांबांवरचे फ्लेक्स आणि पत्रे कसे उडतात हे सांगायला नको. पाया आणि बोल्ट यांवर कंजुषी नको.

दिवे माणसाच्या उंचीला धरून, रस्त्याच्या मधोमध नव्हे. स्वच्छतागृहाचा रस्ता उजेडातून जाणारा हवा, दार रहदारीच्या बाजूला. बायका ते वापरतात की नाही हे पाणी आणि कडी या दोन गोष्टींवर ठरतं.

झाडं लावायची तर बकुळ किंवा करंज. वाऱ्याला टिकतात, सावली दाट. नारळ चालण्याच्या वाटेवर नको, गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. बुंध्याभोवती चार-पाच फूट मोकळी माती सोडा.

खडूने आखा, गणपतीत तपासा

काँक्रीट ओतण्याआधी दोन-तीन आठवडे सगळं तात्पुरतं करून बघा. चुन्याच्या रेघा, वाळूची पोती, पोलिसांचे प्लॅस्टिकचे सुळके, बांबूची लहान दारं. खर्च किरकोळ. रिक्षा थांबा खरंच चालतो का, एसटी वळते का, पिकअप माल कुठे उतरवतो, हे आठवड्यात कळतं. गाडी वळण्याची चाचणी आगारातल्या अनुभवी चालकाला घेऊन करा. तो अभियंत्याच्या नकाशापेक्षा नेमकं सांगतो. गणपतीच्या आधीची गर्दी ही या रचनेची सगळ्यांत कडक परीक्षा. तिथे जे मोडलं ते बदला. व्यापाऱ्यांचा ‘धंदा बसेल’ हा धाकही याच काळात बराच ओसरतो, कारण गल्ल्याचा हिशेब त्यांच्याच हातात असतो.

पैसा आणि वेळ

एका योजनेत सगळं बसवू नका. गटार आणि रस्ता नगरोत्थान किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून, शेड आणि दिवे आमदार-खासदार निधीतून, ओटे नगरपरिषदेच्या स्वनिधीतून, असं वाटलं तर काम टप्प्याने पुढे जातं. फक्त क्रम सोडायचा नाही. दिव्यांचा निधी आधी आला म्हणून खांब आधी उभे केले की गटार त्यांना वळसे घालत जातं.

सर्वसाधारण सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. ही साखळी पावसाळ्यात पूर्ण करून दसरा-दिवाळीनंतर काम सुरू झालं तरच मे अखेर ते आटोपतं. मधे आचारसंहिता लागली तर एक हंगाम गेला असं समजा आणि अर्धवट खोदकाम सुरू करू नका. उघडा चर पावसात सोडण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं.

एसटी, बांधकाम विभाग आणि रेल्वेची ना हरकत पत्रं निविदेच्या आधी हातात हवीत. गटाराच्या साफसफाईची हद्द त्याच पत्रात लिहून घ्या: अमुक खांबापर्यंत तुम्ही, पुढे आम्ही.

काम झाल्यावर

दर वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गटाराचं प्रत्येक झाकण उचलून गाळ काढायचा आणि तो काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलायचा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीत परत आत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये फूटपाथावरचं शेवाळ ताठ ब्रशने घासायचं, महिन्यातून एकदा तरी. सप्टेंबरात खड्डे, सुटलेली झाकणं, बंद दिवे यांची यादी फोटोंसह. ही तीन कामं नगरपरिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवून घ्या, ‘किरकोळ दुरुस्ती’त ती हरवतात.

करारात ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघडलेलं काम त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती आहे ते बघून ठेवा. तो संपण्याआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा छत्री घेऊन सगळा परिसर चाला. जिथे पाणी साचतं, ब्लॉक हलतो, झाकण वाजतं, त्याचं पत्र मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. कालावधी उलटून अनामत रक्कम परत गेली की दुरुस्तीचं बिल नगरपरिषदेच्या नावावर येतं.